मॉन्टिचेलो : घराचे मालक आणि घराचे साक्षीदार

थ्रेड. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर एका बाजूला एका माणसाचा चेहरा असतो आणि दुसऱ्या बाजूला एका घराचे चित्र. माणूस म्हणजे थॉमस जेफर्सन, अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मुख्य लेखक आणि त्या देशाचा तिसरा राष्ट्राध्यक्ष. घर त्याचेच, मॉन्टिचेलो. १९३८ पासून, मधली एक-दोन वर्षे सोडली तर, ही जोडी नाण्यावर एकत्र नांदते आहे. घर व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल गावाजवळच्या टेकडीवर आहे आणि त्याच्या इटालियन नावाचा अर्थ 'लहान डोंगर' असा होतो.

या घराचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर ठरलेला वाद सुरू होतो : जेफर्सन थोर की ढोंगी? 'सर्व माणसे समान' असे लिहिणाऱ्याने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, हे कसे? प्रश्न खरा आहे, पण त्यावरचा वाद वांझ आहे. दोन्ही बाजूंना उत्तर आधीच ठाऊक असते आणि वाद संपल्यावर कोणाच्याही माहितीत काडीची भर पडलेली नसते.

मला या घराची वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. घरातल्या एका प्रश्नावर दोन साक्षी उपलब्ध होत्या. एक मालकाच्या नातवंडांची, दुसरी त्याच घरात गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाची. नामवंत इतिहासकारांनी सुमारे सव्वाशे वर्षे पहिली साक्ष ग्राह्य मानली आणि दुसरी फेटाळली. पहिली खोटी निघाली. ही चूक आळसाने झालेली नव्हती. पुरावा कशाला म्हणायचे याच्या एका रूढ समजुतीतून ती झाली आणि ती समजूत आपल्याकडेही चांगली मूळ धरून आहे.

एक खुलासा आधीच करतो. या थ्रेडमध्ये त्या घरातल्या सगळ्यांनाच एकेरी लिहिले आहे. मालकाला 'त्यांनी' आणि गुलामाला 'त्याने' असे लिहिणे मला जमले नाही.

आता घराकडे वळू.

जेफर्सनचे वडील १७५७ साली वारले. सज्ञान झाल्यावर सुमारे पाच हजार एकर जमीन त्याच्या ताब्यात आली, ही टेकडीही तिच्यातच होती. १७६८ मध्ये टेकडीचा माथा सपाट करण्याचे काम सुरू झाले आणि पुढच्या वर्षी बांधकाम. व्हर्जिनियातले बहुतेक मळेवाले नदीकाठी घर बांधत, कारण तंबाखूची पिंपे नदीतूनच बाहेर जात. जेफर्सनला मात्र माथ्यावरून दिसणारी निळी डोंगररांग हवी होती. तिथे पाण्याची वानवा होती, विहीर काही वर्षी आटत असे. पाणी वर वाहून नेणारे हात मालकाचे नव्हते, एवढे सांगितले म्हणजे निर्णयाचा अर्थ कळतो.

घराचा आराखडा त्याने स्वतः काढला. कोणत्याही वास्तुशाळेत तो शिकला नव्हता. सोळाव्या शतकातल्या पॅलाडियो या इटालियन वास्तुकाराच्या ग्रंथावरून तो हे शास्त्र शिकला. फ्रान्सहून परतल्यावर त्याने १७९६ पासून जुन्या घराचा बराच भाग पाडला आणि पुन्हा मोठे घर उभारले. आज दिसणारा घुमट त्या दुसऱ्या घराचा. विटा त्याच टेकडीवर भाजल्या आणि आतले कितीतरी नाजूक सुतारकाम जॉन हेमिंग्ज या गुलाम कारागिराच्या हातचे आहे. घर सुंदर आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. सौंदर्य नाकारून इतिहास अधिक खरा होत नाही.

त्या सौंदर्याची रचना मात्र नीट पाहावी. भोजनगृहातल्या शेकोटीच्या दोन्ही कडांना लहान कपाटे आहेत. त्यांतून तळघरातली मद्याची बाटली दोरीवर वर येते. शेजारच्या दाराला पाठीमागून फळ्या आहेत. पलीकडे उभ्या माणसाने फळ्यांवर ताटे मांडायची, दार फिरवायचे, की ताटे आत आणि माणूस बाहेर. स्वयंपाकघर आणि कोठ्या टेकडीच्या उतारात, गच्च्यांच्या खाली दडवल्या आहेत. दिवाणखान्यातून बाहेर पाहिले की फक्त बाग आणि क्षितिज दिसते. दर्शनी दालनात एक मोठे घड्याळ आहे. त्याची वजने म्हणजे तोफगोळे, आणि ती भिंतीवरून खाली सरकताना आठवड्याचा वार दाखवतात. भिंतीची उंची कमी पडली म्हणून जमिनीला भोके पाडली आणि शनिवार तळघरात गेला. याच घड्याळाची दुसरी तबकडी घराच्या बाहेरच्या बाजूला आहे आणि तिला एकच काटा आहे, तासाचा. आत बसलेल्यांना मिनिटे लागत, बाहेर राबणाऱ्यांना तास पुरत.

घराच्या एका अंगाला तुतीच्या झाडांची ओळ होती, तिला 'मलबरी रो' म्हणत. ओळीने लोहारशाळा, सुतारशाळा, गुलामांच्या खोपटी. तंबाखूने जमीन निकस झाली तेव्हा मळा गव्हाकडे वळला आणि १७९४ साली जेफर्सनने तिथे खिळ्यांचा कारखाना काढला. दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले तिथे खिळे ठोकीत. कोणाला किती लोखंड दिले, त्यातून किती खिळे निघाले आणि किती वाया गेले, याचा हिशेब मालक स्वतः ठेवी. त्याच्या शेतवहीत गुलामांची नावे, जन्म, वाटलेले कापड आणि घोंगड्या यांच्या नोंदी त्याच्याच सुबक अक्षरात आहेत. जगातल्या फार थोड्या मळ्यांचे दप्तर इतके तपशीलवार टिकले असेल. या दप्तराच्या श्रीमंतीमुळेच पुढची चूक अधिक बोचते.

१७७२ साली जेफर्सनचे लग्न मार्था वेल्सशी झाले. पुढच्या वर्षी सासरा जॉन वेल्स वारला. त्याच्या वारशातून जेफर्सनकडे जमीन, पुष्कळसे कर्ज आणि १३५ गुलाम आले. त्यांत एलिझाबेथ हेमिंग्ज आणि तिची मुले होती. त्या मुलांपैकी सहा स्वतः वेल्सपासून झालेली होती आणि सर्वांत धाकटी सॅली. म्हणजे सॅली ही मालकिणीची सावत्र बहीण आणि तिचीच मालमत्ता. कायदा सोपा होता : मूल आईच्या स्थितीला जाते. बाप कोण, हे कायद्याला विचारायचेच नव्हते.

मार्था १७८२ मध्ये वारली. दोन वर्षांनी जेफर्सन राजकीय प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेला. १७८७ मध्ये त्याच्या धाकट्या मुलीला तिकडे पाठवायचे होते, तिच्या सोबतीला चौदा वर्षांची सॅली गेली. तिचा भाऊ जेम्स तिथे आधीपासून फ्रेंच पाककला शिकत होता. फ्रान्सच्या भूमीवर दोघेही न्यायालयात स्वातंत्र्य मागू शकत होते. तरी १७८९ मध्ये दोघे परतले. सॅली तेव्हा सोळा वर्षांची होती.

ती का परतली? यावर एकच साक्ष आहे, तिच्या मुलाची, मॅडिसनची. त्याच्या सांगण्यानुसार पॅरिसमध्येच तिचे जेफर्सनशी संबंध आले आणि ती गरोदर होती. परतायला तिने नकार दिला. तिला विशेष सवलती मिळतील आणि तिची सगळी मुले एकवीस वर्षांची झाल्यावर मुक्त होतील, असे वचन घेतल्यावरच ती जहाजावर चढली.

याला कोणी प्रेमकथा म्हणते, कोणी बलात्कार. चित्रपटवाल्यांना पहिली आवडते. माझे मत विचाराल तर जिथे एका बाजूला मालकी होती आणि वय चौदा ते सोळा, तिथे 'संमती' हा शब्द वापरायला जागाच उरत नाही. पण तिने केलेला सौदाही विसरू नये. एका गुलाम मुलीने पुढच्या पिढीचे स्वातंत्र्य मिळवले आणि ती सगळी मुले खरोखरच मुक्त झाली.

जगलेली अपत्ये चार : बेव्हर्ली (१७९८), हॅरिएट (१८०१), मॅडिसन (१८०५) आणि एस्टन (१८०८). जेफर्सन १८०१ ते १८०९ राष्ट्राध्यक्ष होता. १८०२ मध्ये कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने सॅलीचे नाव घेऊन हे प्रकरण छापले. माणूस विखारी होता, हेतू सूडाचा होता. जेफर्सनने जाहीरपणे कधीच उत्तर दिले नाही. बेव्हर्ली आणि हॅरिएट १८२२ च्या सुमारास घर सोडून गेले. त्यांना कोणी अडवले नाही, कोणी शोधले नाही. दोघेही गोऱ्या समाजात मिसळून गेले.

जेफर्सन ४ जुलै १८२६ रोजी वारला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी. मृत्युपत्राने त्याने पाच गुलाम मुक्त केले. पाचही हेमिंग्ज कुटुंबातले आणि त्यांत मॅडिसन व एस्टन. सॅलीचे नाव मृत्युपत्रात नाही. मालमत्तेच्या यादीत तिची किंमत पन्नास डॉलर लावली गेली. तिला पुढे जेफर्सनच्या मुलीने गाजावाजा न करता जाऊ दिले आणि ती मुलांसोबत शार्लट्सव्हिलमध्ये राहून १८३५ मध्ये वारली.

मागे कर्ज उरले होते, एक लाख सात हजार डॉलरांहून अधिक. जानेवारी १८२७ मध्ये टेकडीवर लिलाव झाला, १३० माणसांचा. लोहार जोसेफ फॉसेट मृत्युपत्राने मुक्त होणाऱ्या पाचांपैकी एक. त्याची बायको ईडिथ ही त्या घराची मुख्य स्वयंपाकीण, तिने राष्ट्राध्यक्षांच्या निवासातही फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकला होता. तिला आणि तिच्या मुलांना त्या दिवशी विक्रीला काढले. जोसेफने नातेवाइकांच्या मदतीने तिला आणि काही मुलांना पुढे परत मिळवले. अकरा वर्षांचा पीटर मात्र परक्याकडे गेला. त्याने दोनदा पळून जाण्याचा प्रयत्न केला, अखेर स्वतंत्र झाला आणि सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला. १९०० साली, म्हातारपणी, तो मॉन्टिचेलो पाहायला परत आला होता.

'त्या काळाच्या चौकटीत पाहा' असे कोणीतरी आता म्हणेलच. पाहूया. १८१४ मध्ये एडवर्ड कोल्स या तरुण शेजाऱ्याने जेफर्सनला पत्र लिहून गुलाममुक्तीचे नेतृत्व करण्याची विनंती केली. हे काम तरुणांचे आहे, असे जेफर्सनने उत्तर दिले. कोल्सने १८१९ मध्ये आपले गुलाम इलिनॉयकडे नेले, वाटेत नदीवरच त्यांना मुक्त केले, जमीन दिली आणि पुढे तो त्या राज्याचा गव्हर्नर झाला. पोलंडचा सेनानी कोश्चुश्को याने तर अमेरिकेतली आपली संपत्ती गुलाम विकत घेऊन मुक्त करण्यासाठी जेफर्सनच्या हवाली केली होती. त्याच्या मृत्यूनंतर जेफर्सनने ते मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारी नाकारली. चौकट होती, पण दारेही होती. आणि त्या चौकटीत राहणाऱ्या गुलामांना विचारले असते तर त्यांचे मतही त्याच काळाचे मत ठरले असते.

आता मूळ मुद्दा.

मालकाच्या घराण्याने आपली बाजू कशी मांडली? नात एलन कूलिज हिने १८५८ मध्ये पतीला पत्र लिहिले, त्यात सॅलीच्या मुलांचा बाप म्हणून जेफर्सनच्या एका भाच्याकडे, सॅम्युएल कारकडे बोट दाखवले. तिचा भाऊ टॉमस जेफर्सन रँडॉल्फ याने चरित्रकार रँडल याला सांगितले की बाप पीटर कार. रँडलने हे १८६८ मध्ये दुसऱ्या चरित्रकाराला कळवले आणि तिथून तो नकार छापील ग्रंथात शिरला. नीट पाहा : सख्खी भावंडे, एकच घर, एकच प्रश्न आणि उत्तरात दोन वेगळी नावे. कोणत्याही तालुका न्यायालयात नवशिक्या वकिलाने ही साक्ष उलटतपासणीत फाडली असती. मोठमोठे प्राध्यापक मात्र तिला 'कुटुंबातून आलेली माहिती' म्हणून मान देत राहिले.

दुसरी साक्ष १८७३ ची. ओहायोतल्या एका छोट्या वर्तमानपत्राने मॅडिसन हेमिंग्जची कहाणी छापली. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा, व्यवसायाने सुतार. त्याने आजीपासूनची वंशावळ सांगितली, पॅरिसचा करार सांगितला, भावंडांचे काय झाले ते सांगितले, आणि बापाने आपल्याला कधी माया दाखवली नाही हेही सांगितले. त्याच वर्षी इस्रायल जेफर्सन या दुसऱ्या माजी गुलामाने त्याच वर्तमानपत्रात त्याला दुजोरा दिला. प्रतिक्रिया काय आली? संपादकाचा राजकीय हेतू आहे. म्हातारा शिकवलेले बोलतो आहे. मोठ्या माणसाशी नाते जोडण्याची कोणाला हौस नसते?

या प्रत्येक आक्षेपाला काही आधार असू शकतो. पण तेच आक्षेप नातवंडांना कोणी लावले नाहीत. घराण्याचे नाव राखण्याची हौस त्यांना नव्हती का?

सर्वांत विलक्षण भाग पुढेच आहे. ड्यूमास मॅलोन या इतिहासकाराने जेफर्सनचे सहा खंडांचे चरित्र लिहिले, त्यासाठी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याने सॅलीची गोष्ट साफ नाकारली. पण जेफर्सन कोणत्या दिवशी कुठे होता, याची कालसूची त्याच्याच खंडांत आहे. ती वापरून १९६८ मध्ये विन्थ्रॉप जॉर्डन यांनी दाखवले की सॅलीच्या प्रत्येक बाळाच्या जन्माआधी सुमारे नऊ महिने जेफर्सन मॉन्टिचेलोतच होता. राजकारणामुळे तो महिनोन्महिने बाहेर असे, आणि तो बाहेर असताना तिला एकदाही गर्भ राहिला नाही. म्हणजे नाकारणाऱ्याच्याच ग्रंथात पुरावा पडून होता. त्याने तो पाहिला नाही, कारण तो तिकडे शोधतच नव्हता.

१९९७ मध्ये कायद्याच्या प्राध्यापक अॅनेट गॉर्डन-रीड यांनी या वादावर पुस्तक लिहिले. त्यात नवा कागद फारसा नव्हता. त्यांनी केले ते इतकेच की दोन्ही साक्षींना एकच कसोटी लावली. मॅडिसनची तपासता येणारी विधाने कागदांशी जुळतात, नातवंडांची जुळत नाहीत. त्या मळ्यावरच्या गुलाम कुटुंबांपैकी ज्याची सगळी मुले मुक्त झाली असे एकच कुटुंब आहे, सॅलीचे. या गोष्टीचा उलगडा भाच्यांच्या कथेने होत नाही, मॅडिसनच्या कथेने होतो.

पुढच्याच वर्षी डीएनए चाचणीचा निष्कर्ष आला. जेफर्सनला जगलेला औरस मुलगा नव्हता, म्हणून त्याच्या चुलत्याच्या पुरुषवंशाशी तुलना केली गेली. एस्टनच्या पुरुषवंशजाचे वाय गुणसूत्र जेफर्सन घराण्याशी जुळले, कार घराण्याशी जुळले नाही. जगभर बातमी झाली की विज्ञानाने गुपित उघडले. इथे मी थोडा वेगळा सूर लावतो. वाय गुणसूत्र घराणे सांगते, व्यक्ती सांगत नाही. त्यामुळे दुसरा एखादा जेफर्सन बाप असू शकतो, असे म्हणणारे आजही आहेत आणि निव्वळ प्रयोगशाळेपुरते ते चूक नाहीत. चाचणीने भाच्यांची कथा कायमची मोडली. व्यक्तीची निश्चिती मात्र कागदांनी, तारखांनी आणि मॅडिसनच्या साक्षीने होते, आणि हे सगळे १८७३ पासून किंवा फार तर १९६८ पासून हाताशी होते. गुलामाच्या मुलाचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी रक्ताच्या नमुन्याची वाट पाहावी लागली, ही विज्ञानाची कीर्ती असेल, इतिहासशास्त्राची नाही. घर चालवणाऱ्या संस्थेने २००० साली आपल्या अहवालात जेफर्सनच्या पितृत्वाची दाट शक्यता मान्य केली.

१८७३ हे साल मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. ओहायोतला सुतार आणि पुण्याचे जोतीराव एकमेकांना ओळखत नव्हते, ओढूनताणून नाते जोडायचे कारण नाही. पण दशावतारांच्या कथा पराभूतांच्या बाजूने उलट्या वाचून जोतीरावांनी विचारलेला प्रश्न तोच होता : ही कथा कोणी लिहिली आणि तिच्यात कोणाचे म्हणणे गाळले? त्यांच्या उत्तरांतल्या तपशिलाशी मतभेद असू शकतात. प्रश्न मात्र पद्धतीचा आहे, आणि आपल्या दप्तरांनाही तो लागू पडतो. पेशवेकालीन कागदांत कुणबिणी आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. वाड्यांच्या कमानी, कारंजी, दिंडी दरवाजे यांवर आपण भरभरून लिहितो. त्या वाड्यांत दळण-कांडण करणाऱ्या, विकत घेतलेल्या बायकांवर किती थ्रेड वाचलेत, आठवून पाहा.

आता घराच्या पुढच्या मालकांकडे. ही कथाही बहुतेकांना ठाऊक नसते.

१८३१ मध्ये घर बार्कले नावाच्या औषधविक्रेत्याकडे गेले, पण त्याच्याकडे ते टिकले नाही. १८३४ मध्ये युराया फिलिप्स लेव्ही या नौदल अधिकाऱ्याने घर आणि २१८ एकर जमीन २,७०० डॉलरना विकत घेण्याचा व्यवहार केला. लेव्ही ज्यू होता, नौदलात त्याने ज्यूद्वेष भोगला होता, सहा वेळा त्याच्यावर लष्करी खटले चालले. खलाशांना फटके मारण्याच्या शिक्षेविरुद्ध तो लढला. जेफर्सनवर त्याची भक्ती होती ती धर्मस्वातंत्र्यासाठी. त्याने पडझड थांबवली, घर जपले. आणि हे करताना त्यानेही तिथे गुलाम राबवले. फटक्यांविरुद्ध लढणारा माणूस गुलामांचा मालक असू शकतो, ही गाठ त्या टेकडीवर दुसऱ्यांदा पडली.

लेव्ही १८६२ मध्ये वारला. घर राष्ट्राला द्यावे, असे त्याचे मृत्युपत्र होते. वारसांनी ते न्यायालयात नेले, मध्ये यादवी युद्ध आले, दक्षिणेच्या सरकारने घर जप्त केले. खटल्यांच्या वर्षांत देखरेख करणाऱ्याने आत धान्य साठवले, तळघरात गुरे बांधली. अखेर १८७९ मध्ये पुतण्या जेफर्सन मन्रो लेव्ही याने वारसदारांचे हिस्से विकत घेऊन घर पुन्हा उभे केले. १९११ पासून त्याच्याकडून घर काढून सरकारजमा करण्याची मोहीम चालली. तिच्यात 'परक्याच्या हाती राष्ट्रीय तीर्थ' असा ज्यूद्वेषाचा वास होता. १९२३ मध्ये त्याने पाच लाख डॉलरना घर थॉमस जेफर्सन मेमोरियल फाउंडेशनला विकले. लेव्ही घराण्याकडे ते ८९ वर्षे होते, खुद्द जेफर्सनपेक्षा अधिक काळ. तरी पुढची कित्येक दशके पर्यटकांना लेव्हींबद्दल जवळपास काही सांगितले जात नसे. युरायाच्या आईची, रेचेलची कबर मलबरी रोजवळच आहे. तिची डागडुजी १९८५ मध्ये झाली.

म्हणजे गुलामच विसरले गेले असे नाही, अडचणीचे मालकही विसरले गेले. घराची एकच सोयीची कथा ठरली की तिच्यात न बसणारा प्रत्येकजण बाहेर.

संस्थेने पुढे काम बदलले, हे नोंदवले पाहिजे. १९९३ पासून तिने गुलाम कुटुंबांच्या वंशजांच्या मौखिक कथा गोळा करायला घेतल्या. म्हणजे डीएनएच्या पाच वर्षे आधी. मलबरी रोवरची खोपटी पुन्हा उभारली गेली. दक्षिणेकडच्या इमारतीतली जी खोली सॅलीची असावी असे मानतात, तिथे विसाव्या शतकात पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधले होते. ते काढून तिथे २०१८ मध्ये तिच्यावरचे प्रदर्शन खुले झाले. तिचे एकही चित्र उपलब्ध नाही, म्हणून तिथे चेहरा नाही, सावली आहे, आणि सोबत मॅडिसनचे शब्द.

टेकडीवरचे कौटुंबिक दफनस्थान मात्र संस्थेच्या मालकीचे नाही. ते जेफर्सनच्या मान्यताप्राप्त वंशजांच्या वेगळ्या मंडळाकडे आहे. त्या मंडळाने २००२ मध्ये मतदान घेऊन हेमिंग्ज वंशजांना सभासदत्व नाकारले. सॅलीची कबर कुठे आहे, हे कोणालाही ठाऊक नाही.

ज्यांना पुढे वाचायचे आहे त्यांनी मोठ्या चरित्रांपासून सुरुवात करू नये. आधी मॅडिसनची १८७३ ची कहाणी वाचावी. ती काही पानांचीच आहे आणि महाजालावर सहज मिळते. मग एलनचे १८५८ चे पत्र शेजारी ठेवावे. दोन्हींतली तपासता येतील अशी विधाने वेगळी काढून ती तारखांशी ताडून पाहावीत. कोणाचे किती जुळते, ते खाली लिहा.